आमच्या घरात भूत मानत नाहीत

लेकीच्या शाळेत पालकसभा होती. आठवीच्या वर्गात, मुलांच्याच बाकांवर आम्ही आया गुडघे दुमडून कशाबशा बसलो होतो. बाईंनी आधी मोबाइलचा विषय काढला आणि मग त्यातल्या भुतांच्या व्हिडिओंचा. रिकाम्या बंगल्यात, बंद पडलेल्या कारखान्यात पोरं टॉर्च घेऊन शिरतात, लाल दिव्याचं एक यंत्र पुढे धरतात आणि हवेला विचारतात, "इथे कोणी आहे का?" वर्गातली निम्मी मुलं हेच बघत बसतात म्हणे. एकीचा मुलगा त्यापायी बाथरूमला एकटा जाईना, एकीची मुलगी आरशासमोर उभी राहून केस विंचरेना. बाईंनी विचारलं, "हे मुलांनी बघावं का? तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला काय वाटतं असं कुणी विचारलं की माझं बूड जागेवर टिकत नाही. मी उभीच राहिले.

"बाई, पोरं घाबरतात कारण घरातले घाबरट असतात. दारात लिंबू-मिरची टांगायची, अमावास्येला पोरांना घराबाहेर सोडायचं नाही, आणि वर मोबाइलला नावं ठेवायची! आमच्या घरात भूत मानत नाहीत. माझी लेक माझ्या शेजारी बसून हे सगळं बघते आणि पोट धरून हसते. बंदी कसली घालता? शेजारी बसा, पोरांना डोकं चालवायला शिकवा."

बाईंनी मान डोलावली. "बघा, असे पालक पाहिजेत," म्हणाल्या. पुढच्या बाकावरची एक आई, जिचा मुलगा बाथरूमला जात नव्हता ती, खाली मान घालून पर्सची चेन उघडझाक करत होती. मला तिची दया आली नाही. उलट बरं वाटलं. घरी येईपर्यंत मी हवेत होते. आज ती आई रस्त्यात दिसली तर मी फुटपाथ बदलते.

आम्ही दापोडीला राहतो, रुळांच्या अगदी अंगाला. घर माझ्या वडिलांचं, अण्णांचं. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही, तो विषय इथे नको. लेक तान्ही असताना मी तिला घेऊन माहेरी आले ती आलेच. अण्णा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. कंपनी सुटली की त्यांचा मुक्काम बुद्धविहारात. वस्तीत कुणाच्या अंगात आलं, कुणाला बाहेरचं काही लागलं, असा बोभाटा झाला की लोक अण्णांना बोलवायला यायचे. अण्णा सगळ्यांदेखत लिंबू कापून त्यातून रक्त काढून दाखवायचे, बायाबापड्या तोंडाला पदर लावायच्या, आणि मग अण्णा सुरीला आधीच काय फासून ठेवलं होतं तेही दाखवायचे. लहानपणी ती सुरी सांभाळायचं काम माझं. "कुणी काय बी सांगितलं तर पयलं काय विचारायचं?" अण्णा विचारायचे. "पुरावा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडायचे. पुढे माझी लेकही तशीच ओरडायला शिकली.

त्यामुळे तिने भुतांचे व्हिडिओ लावले तेव्हा मला काळजी वाटायचं काही कारणच नव्हतं. आम्ही त्याचा खेळ करून टाकला. रविवारी दुपारी भेळ कालवायची, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायचा आणि लबाडी पकडायची. "आई, बघ बघ, त्या दुसऱ्याने दाराला दोरा बांधलाय!" "अगं, ती सावली कॅमेऱ्यावाल्याची आहे!" टॉर्च आपोआप विझतो कसा, ते अण्णांनी सांगितलं. झाकण पुरतं पिळायचं नाही, सैल ठेवायचं, की लागला लुकलुकायला. आम्ही हसून हसून लोळायचो. व्हिडिओतला तो पोरगा, काळी हुडी घातलेला, घाबरल्याचं नाटक करत धापा टाकायचा आणि माझी लेक त्याची नक्कल करायची.

खरं सांगू का, मला ते व्हिडिओ आवडायचे. लेकीला शिकवायला म्हणून बघते असं मी सांगायचे, पण लेक अभ्यासाला बसलेली असली तरी मी "अगं, नवीन आलाय का बघ" म्हणून तिला हाक मारायचे. आठवडाभर चाकणच्या कंपनीत लाइनवर उभं राहून सुपरवायझरची बोलणी खायची, आणि रविवारी त्या हुडीवाल्यापेक्षा आपण किती शहाणे ते बघून घ्यायचं. मजा होती ती त्यात होती.

आता वहिनींबद्दल सांगते, कारण यात जे काही गेलं ते त्यांचं गेलं.

आमच्यापासून तिसरं घर वहिनींचं. त्यांचा नवरा अण्णांच्या हाताखाली प्रेस शॉपला होता. अण्णांनीच त्याला कामाला लावला होता, मी त्याला भाऊ म्हणायचे. कंपनीला टाळं लागलं तेव्हा सगळे कामगार गेटवर चटया टाकून बसले. पुढे एकेकाने हाय खाऊन नाद सोडला. कुणी चाकणला ठेक्यावर लागलं, कुणी रिक्षा घेतली. भाऊ मात्र रोज सकाळी डबा घेऊन बंद गेटवर जायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी यायचा. असं किती दिवस चाललं, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण तोंडात येतं. एका संध्याकाळी तो आमच्या गल्लीमागच्या रुळांवर गेला.

गल्लीला माहीत आहे ते एवढंच, की रूळ ओलांडताना गाडी आली. पूल आहे, पण पुलाने वळसा पडतो, म्हणून सगळेच रूळ ओलांडतात. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पण तिथे सगळ्यात आधी पोचले ते अण्णा. रुळांशेजारच्या खडीवर भाऊच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. जोडीने, सरळ, विहारात जाताना काढून ठेवतो तशा. अण्णांनी त्या उचलून पिशवीत घातल्या, पोलीस यायच्या आत. मग त्यांनी वहिनींना सांगितलं आणि मला सांगितलं. "हे आपल्या तिघात," म्हणाले. पुढे तो विषय आमच्यात कुणी काढला नाही.

वहिनींची मुलगी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. बाबा कुठायत, बाबा कुठायत, असं तिने डोकं उठवलं. मी पिंपरी कॅम्पात गेले, झालरीचा एक लाल फ्रॉक घेऊन आले आणि तिच्या अंगाला लावून सांगितलं, "हा बघ, बाबा तुझ्यासाठी घेऊन येत होते. तुला लवकर द्यायचा होता ना, म्हणून घाई केली त्यांनी." पोरीने तो फ्रॉक काखेत उसवेपर्यंत घातला.

त्या गोष्टीवरच ती वाढली म्हणा ना. आता कॉलेजला आहे. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची गणितं घेते, माझ्या लेकीची पण. माझी लेक तिच्यावर जीव टाकते, ताई म्हणेल ती पूर्व दिशा. आणि कुणी पोरगं रुळांकडे वळलं की ती वाघिणीसारखी धावते, कान धरून त्याला मागे ओढते. "पुलावरून जा! माझे बाबा माझ्याकडे यायच्या घाईत गेले," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगते. त्यात दुःख असतं, पण एक तोराही असतो. माझ्याकडे यायच्या घाईत. ते ऐकलं की अण्णा उठून घरात जायचे.

उठताबसता पुरावा मागणाऱ्या आमच्या घराने हे एक खोटं सांभाळलं होतं. मला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटायचं.

पालकसभेनंतरच्या रविवारी नवीन व्हिडिओ आला. अण्णा विहारात गेले होते. मी कांदा चिरत होते, लेकीने तांब्याला मोबाइल टेकवला. आणि त्यात एक गंजलेलं गेट दिसलं. मी चिरायचं थांबवलं. ते गेट मी शंभरदा बघितलं होतं, लहानपणी अण्णांचा विसरलेला डबा द्यायला गेले की तिथेच उभी राहायचे. आजूबाजूला आता टॉवर झालेत, पण मागची एक शेड अजून तशीच आहे. हुडीवाला त्या शेडमध्ये शिरला आणि कुजबुजायला लागला, "मंडळी, याच जागी दापोडीचा एक कामगार मशीनमध्ये सापडून गेला. मालकाने प्रकरण दाबून टाकलं. कंपनी बंद पडायचं खरं कारण हेच. आजही इथे प्रेसचा आवाज येतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अरे खोटारड्या!" मी मोबाइलवर ओरडले. "प्रेस शॉपला कुणी मेलं नाही, मेल्या! माझा बाप होता तिथे!"

लेक हसायला लागली. "मग दापोडीचा कामगार कोण?"

"कुणी का असेना, मशीनमध्ये नाही गेला तो. कंपनीने मारलं त्याला, पण असं नाही."

"म्हणजे कोण? ताईचे बाबा? ते तर रूळ ओलांडताना गेले ना?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कुणी माझ्या नरड्यावर पाय दिला नव्हता. पण मी तापलेली होते, आणि तापले की मला समोरच्याला हरवल्याशिवाय चैन पडत नाही, मग समोर मोबाइलमधला पोरगा का असेना. मी म्हणाले, "ओलांडताना नाही. स्वतः गेला तो. काम गेलं म्हणून."

लेकीने सवयीने विचारलं, "पुरावा?"

आणि मी चपला सांगितल्या. खडी, जोडीने ठेवलेल्या, अण्णांची पिशवी, सगळं. पोरीचे डोळे मोठे झाले. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. हे कुणाला बोलायचं नाही, ताईला तर अजिबात नाही, हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या दृष्टीने मी त्या हुडीवाल्याला जिंकून बसले होते.

लेकीने काय केलं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, आणि तेही कंपनीच्या बसमध्ये.

चाकणला मी ज्या कंपनीत आहे, तिथल्या कँटीनला वहिनी चपात्या करतात. पहिल्या शिफ्टला आम्ही एकाच बसने जातो. शेजारी बसतो, ती माझी डुलकी काढायची जागा. त्या दिवशी मोशीला ट्रॅफिकमध्ये बस उभी होती. मागच्या सीटवर दोन ट्रेनी मोबाइल बघत होते, आवाज मोठा. मला झोपेत तो आवाज ओळखीचा वाटला. हुडीवाला बोलत होता. आमच्या एका सबस्क्रायबरने आम्हाला कमेंटमध्ये खरी हकीकत सांगितली, असं म्हणून तो वाचायला लागला. "हे खोटं आहे. भूत वगैरे काही नसतं. ते काका आमच्या गल्लीत राहायचे. ते मशीनमध्ये गेले नाहीत, कंपनी बंद झाली म्हणून त्यांनी स्वतः जीव दिला. रुळाशेजारी चपला काढून ठेवल्या होत्या, त्या माझ्या आजोबांनी उचलल्या. हा पुरावा आहे."

माझी झोप उडाली, पण मी डोळे उघडले नाहीत. मग म्युझिक वाजलं. मग म्हणे आम्ही आता दापोडीच्या रुळांशेजारी उभे आहोत. यंत्राची टिकटिक सुरू झाली. आणि त्या पोराने आवाज बारीक करून विचारलं, "भाऊ, तुमच्या चपला कुठे आहेत?"

टिकटिक वाढली. मागचे दोघं हसले. "आईशप्पथ, वाजलं बघ!" एक म्हणाला.

मी डोळे उघडले. वहिनींनी मागे वळून त्या पोरांकडे बघितलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "चपला तिघांनाच म्हाईत हुत्या."

"वहिनी, पोरगी आहे हो ती. तिला काय कळतंय?" असं काहीतरी मी बोलले. लेकीवर ढकललं. पहिला शब्द माझ्या तोंडून निघाला तो तोच. वहिनींनी ऐकलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

बस हलल्यावर त्या बोलल्या, तशाच, बाहेर बघत. "ती अजून झोपल्याली हाय. कॉलेजात गेली की कुनीतरी दाखवंल. मी काय बी म्हणत न्हाई तुमाला. तिला सांगा, ते खोटं हाय. कसं सांगायचं, तुमी बघा. तुमच्या तोंडातनं भायेर गेलंय ना, मग तुमच्याच तोंडानं सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

"तिचा बाप घरला येत हुता. तेवढं एकच हाय तिच्यापाशी."

चाकण आलं तशा त्या माझ्या आधी उतरल्या.

आमचे मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये राहतात, शिफ्ट सुटेपर्यंत हात लावता येत नाही. त्या दिवशी तो नियम माझ्या मुळावर आला. बसमध्ये वहिनींच्या शेजारी बसून लेकीला फोन करायचा धीर झाला नव्हता, आणि आता करता येईना, कमेंट काढ म्हणून सांगता येईना. माझं काम पार्ट तपासायचं. भेग, ओरखडा, कडेला राहिलेली धार, जे वाईट असेल ते लाल डब्यात टाकायचं. माझे हात चालत होते आणि कानात ते एकच वाक्य. लाइन लीडर एक पार्ट घेऊन आला, भेगेवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा ओकेमध्ये कसा गेला? लक्ष कुठाय?" एरवी मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. सॉरी म्हणाले. तोच बिचारा चपापला.

जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा वहिनींनी माझ्या ताटात दोन चपात्या ठेवल्या, गरम, तव्यावरून काढलेल्या. रोज मला त्या अशाच गरम देतात. मला वाटलं होतं, आज गार टाकतील. त्यांनी बघितलं नाही माझ्याकडे, पण चपात्या गरमच दिल्या. मी ते ताट तसंच नेऊन ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. रडताना पण लाज वाटत होती, कारण ते रडणं माझ्यासाठीच होतं.

शिफ्ट सुटल्यावर गेटवरूनच लेकीला फोन लावला. "ती कमेंट काढ. आत्ताच्या आत्ता!"

"काढली गं, दुपारीच काढली," लेक म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "पण त्यांनी व्हिडिओत वाचून दाखवली ना. आई, त्यांनी उलटंच केलं सगळं. मी लिहिलं होतं, भूत नसतं म्हणून. मी नाव नव्हतं लिहिलं कुणाचं."

"अगं, पण ताई वाचेल असं नाही वाटलं तुला?"

"मला वाटलं, ताईला माहीतच असेल. घरातल्या घरात खरं सांगतातच ना?"

आमच्या घरात सांगतात, हे मीच तिला शिकवलेलं. फोन ठेवला. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. कँटीनच्या बायकांना भांडी आवरून शेवटच्या बसने यावं लागतं. अख्खा रस्ता मी वाक्यं जुळवत बसले. काय सांगायचं, कसं सांगायचं. एवढ्या वर्षांत मला खोटं बोलायची तयारी अशी कधी करावी लागली नव्हती.

घरी पोचले तर अण्णा उंबऱ्यावर बसलेले. त्यांना कळलं होतं. गल्लीतली पोरं दुपारपासून रुळांपाशी जाऊन एकमेकांना विचारत होती, भाऊ, तुमच्या चपला कुठे आहेत? आणि खिदळत पळत होती. अण्णांनी दोघांना हुसकावलं होतं, तिसऱ्याच्या मागे जाताना दम लागला म्हणून येऊन बसले होते.

"कुठाय ती?" मी विचारलं. "आज तिला सोडत नाही मी."

"तिला हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "तिची काय चूक? तिला कुनी सांगितलं हुतं का, हे बोलायचं न्हाई म्हणून? तू सांगितलंस? मी सांगितलं?" मग म्हणाले, "इतकी वर्सं मी लोकान्ला सांगत फिरलो, खरं बोलायला भ्यायचं न्हाई."

त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यात त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि आता मी त्यांना खोटं बोलायला लावणार होते. मी खाली बसून त्यांना वहिनी काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात ती आली. पाठीला सॅक, हातात मोबाइल, कॉलेजातून घरी न जाता थेट आमच्याकडे. डोळे सुजलेले नव्हते, कोरडे होते. आत येऊन उभी राहिली.

"आत्या, हे खरंय का?"

मी तोंड उघडलं, पण तिने मला थांबवलं आणि अण्णांकडे वळली. "तुम्ही नाही, आत्या. आजोबा सांगतील. आजोबा, तुम्ही उचलल्या होत्या चपला?"

अण्णांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "न्हाई गं बाळा. पायातच हुत्या त्याच्या. मी बघितलंय ना."

ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. अण्णांनी नजर हलवली नाही. हळूहळू तिचे खांदे उतरले. मग तिने मला विचारलं, "मग हिने असं का लिहिलं?"

माझी लेक आतल्या दारात उभी होती. शाळेचा युनिफॉर्म अजून अंगावरच. मला ती दिसत होती, आणि मी तिच्याकडे न बघता बोलले. "लाइक मिळावेत म्हणून गं. आजकालच्या पोरींना दुसरं काय सुचतंय? ते भुताटकीचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय तिचं. काहीतरी रचून लिहिलं. मी आत्ताच झापलंय तिला."

किती सहज बोलले मी! बसमध्ये जुळवलेलं एक वाक्य अडखळलं नाही. पालकसभेत डोकं चालवायला शिकवा म्हणून भाषण ठोकणारी मीच, आणि जिने शिकवल्याप्रमाणे डोकं चालवलं तिला मी चारचौघांत लबाड ठरवलं. लेकीचं तोंड उघडलं. ती आता बोलणार, आई, तूच तर सांगितलंस, म्हणणार, असं मला वाटलं. आणि तिने ते बोलावं अशी एक क्षण माझी इच्छा पण झाली. तिने माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं, जे खोटं बोलून भिंतीला टेकून बसले होते. आणि तिला समजलं. मी न सांगता समजलं.

ती पुढे आली. "हो ताई," म्हणाली. "मी मनानेच लिहिलं. खोटं आहे ते."

ताईने सॅक खाली टाकली आणि तिच्या थोबाडीत दिली. आवाज एवढा झाला की अण्णा उठून उभे राहिले. "माझे बाबा घरी येत होते!" ती किंचाळली, आणि आता ती रडत होती. "कळलं का तुला? घरी येत होते!"

"हो ताई," माझी लेक गालावर हात धरून म्हणाली. "घरी येत होते."

मी हाताच्या अंतरावर होते. अण्णा माझ्याकडे बघत होते, आता तरी ही काही बोलेल म्हणून. ताईने पुन्हा हात उचलला, आणि मी मध्ये पडले नाही.